न खपलेला माल

किराणा दुकानदाराच्या घरी चांगला गूळ कधीच खाल्ला जात नाही. चांगला गूळ गिऱ्हाइकाला जातो. घरी येतो तो ढेपेच्या तळाचा पाघळलेला चुरा, किडकी खारीक, मऊ पडलेली बिस्किटं आणि फुटक्या पुड्यातला चहा. सिरसाळ्याच्या बाजारात आमच्या अण्णांचं, सिद्धेश्वरअण्णांचं, चाळीस वर्षं किराणा दुकान होतं, आणि चाळीस वर्षं माझी माय, गंगासागर, न खपलेला माल संपवत आली. तिला त्याचं दुःख नव्हतं, उलट त्यात तिचा एक मान होता. "दुकान तुमच्या बापाचं, पर उरलंसुरलं माजं," असं म्हणत ती नरम बिस्किटं तव्यावर शेकायची आणि आम्हा भावंडांपुढं ठेवायची. एक दाणा तिनं कधी वाया घालवला नाही.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं ते या सवयीमुळं आणि माझ्या तोंडामुळं झालं. माझं तोंड फाटकं आहे. मनात काही नसतं, असं लोक अशा माणसाबद्दल समजुतीनं म्हणतात. पण ज्याला ऐकावं लागतं त्याला मनातलं कुठं दिसतं? त्याला ऐकू येतं तेवढंच खरं.

अण्णा गेल्यावर त्याच जागेत मी मेडिकल टाकलं. डी.फार्मसी केलेला गावातला मी पहिलाच. माझं नाव विश्वेश्वर, पण सगळे मला अप्पा म्हणतात. ताप, खोकला, पोटदुखी, सगळे आधी माझ्याकडं येतात. "अप्पा म्हंजे अर्धा डॉक्टर," असं कुणी म्हटलं की मी नको नको म्हणायचो आणि आतून फुगायचो. खोटं कशाला बोलू?

मायची धडधड सुरू झाली ती मागच्या उन्हाळ्यात. ओसरीवर बसल्या बसल्या तिला दम लागायला लागला. मनगटावर बोट ठेवलं तर दोन ठोके जवळजवळ, तिसरा लांब, मग एकदम चार घाईघाईनं. तिला अंबाजोगाईला नेलं. तिथल्या डॉक्टर सायली मॅडमनी ईसीजीची पट्टी काढली आणि मला समोर बसवून सांगितलं की हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसत नाहीत, नुसते थरथरतात, म्हणून खालचे कप्पे वेडेवाकडे पळतात. मायला जुना दमा, त्यामुळं अशा वेळी सहसा देतात ती गोळी तिला चालणार नव्हती. त्यांनी व्हेरापामिल लिहून दिली, दिवसातून तीनदा, आणि जोडीला रक्त पातळ ठेवायची एक गोळी. दीडशेच्या घरात पळणारी नाडी आठवडाभरात ऐंशीवर आली. ठोके वेडेवाकडेच राहिले, पण पळायचे थांबले. माय पुन्हा सकाळी उठून सडा टाकायला लागली.

गोळ्या वेळेवर द्यायचं काम माझ्या बायकोनं, स्वप्नालीनं, आपणहून अंगावर घेतलं. चुलीशेजारच्या भिंतीवर कॅलेंडर लटकतं, त्यावर ती रोजच्या चौकोनात तीन टिंबं द्यायची. गोळी दिली की टिंब. मी कधी ती टिंबं नीट पाहिली नाहीत. पाहायची गरज काय, मेडिकलवाला मी होतो.

गणपती उठले त्याच आठवड्यातली गोष्ट. व्हिटॅमिन डीच्या पुड्यांचे तीन डबे माझ्याकडं पडून होते, एका डब्यात वीस पुड्या. गुडघे दुखतात, कंबर दुखते म्हणून येणाऱ्यांना डॉक्टर ही पुडी लिहून देतात, आठवड्यातून एक, दुधातून, आणि तीही मोजून आठ आठवडे. माझा माल खपला नाही, मुदत संपायला तीन महिने उरले, आणि एजन्सीवाल्यानं परत घ्यायला साफ नकार दिला. त्या दिवशी मी दुपारी जेवायला घरी आलो तो डबे काखेत मारूनच. कोनाड्यात ते आदळले, शेजारी एक मुदतीला आलेली कॅल्शियमच्या गोळ्यांची बाटली आदळली, आणि ताटावर बसता बसता ओरडलो, "घ्या! खा आता घरातलेच!"

स्वप्नालीनं भाकरी वाढली. मायनं डबे कोनाड्यात नीट लावून ठेवले. मी जेवलो, दुकानात गेलो आणि संध्याकाळपर्यंत ते विसरलो.

माय विसरली नाही. तिच्या सगळ्या जन्मात कर्त्या माणसानं न खपलेला माल घरी आणून आदळला की त्याचा अर्थ एकच होता.

आमच्याकडं सकाळची लिंगपूजा झाल्याशिवाय माय तोंडात पाणीसुद्धा घेत नाही. डाव्या तळहातावर इष्टलिंग, कपाळाला भस्म, अर्धा तास डोळे मिटलेले. पूजा झाली की पेलाभर दूध. ते दूध ती पहिल्यापासून घ्यायची, म्हणून त्यात आता काय पडतं हे कुणी पाहिलं नाही. पुडी नारिंगी वासाची, चवीला गोड. वर कॅल्शियमच्या दोन गोळ्या. आणि दिवसभराची पानं होतीच, त्यांना चुना लावायचा तो बोटभर, तिच्या हाताला कमी चुना कधी ठाऊकच नव्हता.

रिकामी पुडीसुद्धा तिनं फेकली नाही. पुडी आतून चांदीसारखी चकचकीत असते. ती फाडून, धुऊन, उलटी घडी घालून तिनं आंब्याच्या पानासारखी पानं केली आणि दिवाळीला त्यांचं तोरण ओवून दाराला बांधलं. पुढंही रोज एक पान त्यात वाढत गेलं. स्वप्नालीनं कौतुकानं विचारलं तर म्हणाली, "दुकानातला चमकीचा कागद हाय." सगळ्या गल्लीनं तोरण वाखाणलं. मी त्याच्याखालून दिवसातून सहा वेळा ये-जा केली. वाऱ्यावर ते वाजायचं, एवढंच माझ्या ध्यानात आहे.

तब्येत दिवाळीच्या आधीच बिघडायला लागली होती. तिला तहान लागायची, तांब्यावर तांब्या पाणी जायचं. लघवीला सारखं उठायची. पोट साफ होईना, अन्नावर वासना राहिली नाही, बोलता बोलता पेंगायची, एकदा तर तिनं मला अण्णांच्या नावानं हाक मारली. मी काय केलं? पोटासाठी इसबगोल दिलं. तहानेसाठी साखर-मिठाची पावडर. मळमळीसाठी एक गोळी, भूक लागावी म्हणून एक टॉनिक. एकेका तक्रारीला फळीवरची एकेक बाटली. सगळ्या तक्रारी मिळून एकच काहीतरी सांगतायत, हे अर्ध्या डॉक्टरला उमजलं नाही.

तुळशीचं लग्न झालं आणि तिसऱ्या दिवशी धडधड परत आली. नाडीचं मशीन लावलं तर एकशे अठ्ठेचाळीस. मी स्वतःच्या मनानं व्हेरापामिलची एक गोळी जादा दिली. तास गेला, एकशे बेचाळीस. गोळी लागू पडत नाही म्हणजे गोळी पोटात जातच नसणार, असा मी हिशोब केला, आणि माझा शेजारी तानाजी जीप घेऊन दारात उभा असताना, माय बाजेवर पडून ऐकत असताना, स्वप्नालीला म्हणालो, "गोळ्या चुकवल्यास तू. सासू नकोशी झालीय तुला, तर तसं सांग तोंडानं."

स्वप्नालीनं कॅलेंडर खिळ्यावरून काढून माझ्यापुढं धरलं. "हे बघा. एक टिंब न्हाई चुकलं."

"टिंबं काय, कुणीबी देतंय," मी म्हणालो. "तू येऊ नको संगं. ऱ्हा घरीच."

माय बाजेवरून क्षीण आवाजात म्हणाली, "तिला कावून बोलायलास रे विसू? पोरगी हातानं गोळी तोंडात घालती माज्या." मी तिचंही ऐकलं नाही. म्हातारी सुनेला पाठीशी घालते, असं मनात म्हणालो आणि तिला उचलून जीपमध्ये ठेवलं.

परळी सोडून जीप घाटाला लागली. तसा तानाजी म्हणाला, "अप्पा, वैनीला लई लागलं बघा तुमचं." मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मायचा हात माझ्या हातात होता आणि मी घड्याळाकडं बघून ठोके मोजत होतो. दर वेळी आकडा चुकत होता. आयुष्यात पहिल्यांदा मला भीती वाटली, खरी भीती, की ही आता माझ्या मांडीवरच जाते.

सायली मॅडमनी तिला लगेच आत घेतलं. मी जादा गोळी दिल्याचं सांगितलं तशी त्यांनी मान वर केली. "विश्वेश्वरअप्पा, अजून एक दिली असती तर रक्तदाब पडला असता. अशी गोळी वाढवत नसतात." मग त्यांनी विचारलं, "तहान लागते का यांना? पोट साफ होतं? बोलण्यात विसंगती?" मी एकेकाला हो म्हणत गेलो, आणि हो म्हणता म्हणता माझा आवाज बारीक होत गेला. त्यांनी रक्त घेतलं. दुपारी कागद आला. रक्तातलं कॅल्शियम साडेदहाच्या खाली हवं, ते चौदाला टेकलं होतं. मूत्रपिंडंही दमली होती.

"या कॅल्शियमची गोळी घेतात का? व्हिटॅमिन डी?"

"न्हाई," मी छातीवर हात ठेवून सांगितलं. "मॅडम, मी मेडिकलवाला. माझ्या घरात मला न विचारता कुणी काही घेत नाही."

मॅडमनी कागद उलटा करून त्याच्या पाठीवर एक चौकोन काढला. "ही हृदयाची एक पेशी धरा. ठोका पडायचा तर कॅल्शियमला या दारातून आत यावं लागतं. आपली गोळी हे दार लोटून धरते, म्हणून ठोके आवरतात. आता बाहेर एवढं कॅल्शियम दाटलंय की गोळीनं लोटलेलं दार ते ढकलतंय. गोळी चुकली नसेल तरी हे होतं. कुठून येतंय ते शोधा. नाही सापडलं तर मला आणखी वाईट आजार शोधावे लागतील. आणि तोवर हे हृदय असं किती वेळ पळेल, मी सांगू शकत नाही."

गोळी चुकली नसेल तरी. हे चार शब्द मी त्या बाकावर बसून किती वेळा मनात म्हटले असतील!

स्वप्नालीला फोन लावणं भाग होतं. सकाळच्या बोलण्यानंतर तिनं उचलला नसता तरी माझी तक्रार नव्हती. तिनं दुसऱ्या घंटीला उचलला. मी म्हणालो, "कॅल्शियम वाढलंय म्हणतायत. घरात काय सापडतंय का बघ." ती "बरं" म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.

साडेचारच्या सुमारास ती एसटीनं आली. पदर डोक्यावर, हातात कापडी पिशवी. माझ्याकडं न बघता ती सरळ मॅडमच्या खोलीत गेली, मी मागोमाग. पिशवीतून तिनं आधी पुड्यांचे तीन डबे काढले. दोन रिकामे, तिसऱ्यात सहा पुड्या. मग कॅल्शियमची बाटली काढली, तळाला चार गोळ्या. मग आमच्या दाराचं तोरण काढून तिनं ते टेबलावर पसरलं.

"रिकाम्या पुड्या कुठंच सापडंनात," ती मॅडमना म्हणाली. "कचऱ्यात न्हाई, चुलीत न्हाई. मग बाहेर आले तर दारात हे वाजत होतं."

तिनं एक चांदीचं पान उलगडून पालथं केलं. आतल्या बाजूला नारिंगी अक्षरं होती. साठ हजार युनिट. आठवड्यातून एकदा, किंवा वैद्यकीय सल्ल्यानुसार. मॅडमनी पेनाच्या टोकानं एकेक पान सरकवत मोजलं. चोपन्न पानं. वर्षभर पुरली असती एवढी औषधाची रास माझ्या मायनं दोन महिन्यांच्या आत पोटात घातली होती.

"घ्या, खा आता घरातलेच," हे माझेच शब्द मला ऐकू आले, अगदी ताटाच्या आवाजासकट. पानं माझ्या डोक्यावर टांगलेली होती, आणि मी त्यांच्याखालून वाकून जात होतो, कारण मी उंच आहे आणि आमचं दार बुटकं.

पुढं सलाइन, लघवीची औषधं, रोज रक्त. मॅडमनी सांगितलं की हे व्हिटॅमिन अंगातल्या चरबीत मुरतं, लवकर निघत नाही, धीर धरा. पहिल्या दिवशी तेरा पूर्णांक सहा. दुसऱ्या दिवशी बारा पूर्णांक नऊ. चौथ्या दिवशी बारा, आणि त्याच दिवशी नाडी शंभराच्या आत आली. गोळी तीच, कंपनी तीच, डोस तोच. सातव्या दिवशी साडेदहाला आकडा आला आणि मायनं डोळे नीट उघडून विचारलं, "गाईला पेंड घातली का?" आमच्याकडं गाय नाही, वीस वर्षांपूर्वी होती. पण आवाज तिचा होता, आणि मी बाहेर जाऊन भिंतीला तोंड करून रडलो.

तिचं डोकं पुरतं ठिकाणावर आल्यावर मी तिच्या उशाशी बसलो. रागावायचं नाही असं ठरवून गेलतो. तरी आवाज चढलाच. "माय, पुड्या घ्यायच्या आधी मला एकदा इचारायचं न्हाई? जीव गेला असता तुझा."

ती माझ्याकडं बघत राहिली. लहानपणी मी मार खाऊन घरी आलो की बघायची, तशी. "तूच म्हनला न्हवं का, खा म्हनून? तुजं नुस्कान झालतं, तोंड उतरलतं तुजं. मी म्हनलं, चला, एवढं तरी आपल्या हातून निस्तरंल."

"अगं, पर औषध हाय ते! किराणा हाय का?"

"तुज्याच दुकानातलं होतं की रे," ती म्हणाली. "तू काय वंगाळ आणशील व्हय घरी?"

मी तिच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

स्वप्नाली खिडकीपाशी उभी राहून फडक्यानं पेला पुसत होती. मी तिच्याजवळ गेलो आणि हळू आवाजात म्हणालो, "चुकलं माझं." तिनं पेला खाली ठेवला. "माझ्या कानात कशाला सांगता? बोललात ते आत्याबाईदेखत आणि तानाजीभावजींदेखत. तसंच म्हणा." तिचं खरं होतं. सोडायच्या दिवशी तानाजी जीप घेऊन आला, तेव्हा मी दोघांच्या समोर उभा राहिलो आणि म्हणालो की गोळी एकदाही चुकली नव्हती, टिंबं खरी होती, मी खोटा होतो. तानाजी ओशाळून जीपची काच पुसायला लागला. स्वप्नालीनं मायची पिशवी माझ्या हातून काढून स्वतःच्या हातात घेतली. घाट उतरताना तिनं मला पाण्याची बाटली दिली, तेव्हा कुठं माझा जीव खाली पडला.

घरी आल्यावर मायनं पहिल्यांदा दाराकडं पाहिलं. "तोरण कुठं गेलं? दार भुंडं दिसायलंय." स्वप्नालीनं आंब्याची पानं आणून बांधली. ते चांदीचं तोरण मी दुकानात नेलं. त्यातलं एक पान उलगडून, अक्षरांची बाजू वर करून, काउंटरच्या काचेखाली ठेवलं. आता ही पुडी मागायला कुणी आलं की मी काचेवर बोट ठेवतो आणि आठवड्यातून एकदा म्हणजे काय ते त्याच्याकडून वदवून घेतो. लोक म्हणतात, अप्पा लई किचकिच करायला लागले. म्हणोत. न खपलेला माल मी आता घरात आणत नाही.

संक्रांत आली. आकडा अजून दर पंधरा दिवसांनी बघावा लागत होता. मॅडमनी कागदावर लिहून दिलं होतं की चुना बंद, दूध बेतानं, तीळ बेतानं. स्वप्नालीनं तिळाचे लाडू वळले. गल्लीतल्या बाया येऊन मायच्या पाया पडून गेल्या, ती प्रत्येकीच्या हातावर लाडू ठेवत होती. घर रिकामं झाल्यावर मी दुकानातून आलो तर ती ओसरीवर बसली होती, आणि तिच्या तळहातावर एक लाडू होता. किती वेळ तो तसाच तिथं असेल कोण जाणे.

"विसू," ती म्हणाली, "हे खाल्लं तर चालतंय का रे मला?"

या बाईनं आयुष्यात कुणाला विचारून खाल्लं नव्हतं. सगळ्यांना वाढून झाल्यावर जे उरेल ते तिचं, त्यात विचारायचं काय? माझ्या घरात मला विचारल्याशिवाय कुणी काही घेत नाही, असं मी मॅडमना छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. ते आता खरं झालं होतं, आणि मला ते बघवेना.

"खा की, माय," मी म्हणालो. "एक खा."

"खरंच? तुज्या जिवाला घोर नगं."

"खा."

तिनं लाडू तोडून तोंडात घातला. मी नाडी बघायची म्हणून तिचा दुसरा हात हातात घेतला, आणि मोजायचं सोडून तसाच धरून बसलो.